पाण्याचा कारभार आधी का? कारभाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरपंच, पाणी समितीचे सदस्य, सोसायट्यांचे सचिव, पाणीवापर संस्थांचे पदाधिकारी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. उत्तरांचा रोख मात्र एकच आहे: बंधारा कंत्राटदार बांधून देतो, साठलेलं पाणी कोणी किती घ्यायचं, हे कारभाऱ्यांनाच ठरवावं लागतं.

१. शाश्वत पाणी नियोजन म्हणजे काय? ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हेच ना?

ते अर्धं झालं. अडवणं-जिरवणं ही जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला कोणी हात लावला नाही, तर जेवढं जिरेल तेवढं उपसलं जातं आणि गाव पुन्हा टँकरची वाट पाहतं. नियोजन शाश्वत व्हायचं तर वर्षाला जेवढं पाणी मिळतं त्याच्या आत उपसा ठेवावा लागतो. पिण्याचं पाणी सगळ्यात आधी बाजूला काढायचं, वापरलेलं पाणी घाण करून खालच्या गावाकडे ढकलायचं नाही आणि वाईट वर्षासाठी काही राखून ठेवायचं. हिशोब कसा मांडायचा ते प्रश्न ४ मध्ये आहे.

२. रस्ते, शाळा, दवाखाना अशी इतकी कामं पडली असताना पाणीच आधी का?

रस्ता दोन वर्षं उशिरा झाला तरी होतो. पाण्याच्या बाबतीत काही नुकसान परत भरून येत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन खोऱ्यात भूजलाच्या बेसुमार उपशाने १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन जवळजवळ ९ मीटर खचली. तिथल्या विजेच्या खांबावर, डोक्याच्या कितीतरी वर, ‘१९२५ साली जमीन इथे होती’ अशी पाटी लावून काढलेला फोटो प्रसिद्ध आहे. खाली दबलेल्या मातीच्या थरांत पूर्वीएवढं पाणी आता मावणार नाही, पुढे कितीही पाऊस पडला तरी. कातळाच्या प्रदेशात जमीन अशी खचत नाही. तिथे किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. विहिरी आटतात, बोअर खोल जातात आणि ज्याच्याकडे खोल जायला पैसे नाहीत तो शेतीतून बाहेर पडतो.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. शाळेत मुली टिकणं, दवाखान्यातली जुलाब-काविळीची गर्दी कमी होणं, दुधाचा धंदा चालणं, हे सगळं पाण्यावर उभं आहे. पाणी मागे ठेवून बाकीच्या कामांवर केलेला खर्च अर्धा वाया जातो.

३. हे तर सरकारचं काम. आमच्या हातात काय आहे?

धरण, मोठी योजना, कायदा हे वरचं काम. पण कोणता व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो, नवा बोअर कुठे पडतो, यंदा कोणतं पीक किती क्षेत्रावर जातं, फुटलेली लाइन आज दुरुस्त होते की महिन्याने, हे राजधानीत बसून कोणी ठरवत नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक पाणी, कुरणं आणि जंगलं लोक स्वतः कशी सांभाळतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचा निष्कर्ष थोडक्यात असा: नियम वापरणाऱ्यांनीच केले, देखरेख आपल्यातल्याच माणसांनी केली आणि दंड लहानापासून चढत गेला, तर सामायिक साठा टिकू शकतो.

आपल्याकडे हे नवीन नाही. धुळे-नाशिक भागातल्या फड पद्धतीत बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडून कोणत्या फडात यंदा कोणतं पीक हे शेतकरी मिळून ठरवत, आणि पाणी द्यायला पाटकरी नेमलेला असे. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाण्याच्या तंट्यांचं न्यायालय आजही दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात भरतं. न्यायाधीश शेतकऱ्यांनीच निवडलेले असतात. सुनावणी तोंडी होते, निकाल तिथल्या तिथे.

४. सुरुवात कुठून करू? ताळेबंद मांडायचा म्हणजे नक्की काय लिहायचं?

एक आकडा पाठ करा: एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. बाकी सगळं गुणाकार-भागाकार.

समजा गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर. वरून पडलं ४० लाख घनमीटर. आकडा ऐकून सभेत सगळे खूश होतात. पण त्यातलं बरंचसं बाष्प होऊन जातं, पावसाळी पिकं आणि गवत त्यातच वाढतात, काही ओढ्याने निघून जातं. कठीण खडकाच्या भागात जमिनीत मुरून विहिरींना लागणारं पाणी १० टक्के धरा, म्हणजे ४ लाख घनमीटर.

आता खर्च. माणसं २,०००, माणशी रोज ५५ लिटर: वर्षाला सुमारे ४० हजार घनमीटर. मोठी जनावरं १,०००, प्रत्येकी ५० लिटर: सुमारे १८ हजार. शेतीला उरले ३ लाख ४२ हजार. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी ढोबळ २० हजार घनमीटर धरले, तर १७ हेक्टर उसात सगळं संपलं. हरभऱ्यासारख्या पिकाला हेक्टरी अडीच हजार धरले, तर तेच पाणी १३६ हेक्टरला पुरतं.

हे गाव कागदावरचं आहे, तुमचे आकडे वेगळे निघतील. पण १७ आणि १३६ हे दोन आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले की सभेतली चर्चा बदलते. पाण्याचा प्रश्न पावसाचा आहे की वाटपाचा, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि पिण्याच्या पाण्याचा वाटा एकूण पाण्याच्या मानाने किती लहान असतो तेही दिसतं. जगभरातही उपसलेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीला जातं.

५. आमच्याकडे ना तज्ज्ञ, ना यंत्रं. नुसती विहीर मोजून काय कळणार?

पुष्कळ कळतं. गावात वेगवेगळ्या भागांतल्या काही विहिरी ठरवा. प्रत्येकीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि नेहमी त्याच खुणेपासून, पहाटे पंप चालू व्हायच्या आत, वजन बांधलेल्या टेपने पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या शेवटी एकदा, हे किमान. महिन्याला जमलं तर उत्तम. आकडे चावडीवर किंवा सूचना फलकावर लावा. वहीत ठेवलेला आकडा कोणाचं मन वळवत नाही.

आता त्या आकड्याचा अर्थ. काळ्या कातळात पाणी साठायला जागा फार थोडी असते. वाहून देण्याजोगं पाणी दोन टक्के धरलं, तर एक हेक्टरखाली पाणी एक मीटरने उतरणं म्हणजे फक्त २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर. सेकंदाला ५ लिटर फेकणारा पंप तेवढं अकरा तासांत उपसतो. म्हणूनच अशा भागात पावसाळ्यानंतर तुडुंब दिसणारी विहीर हिवाळा सरता-सरता तळ दाखवते. वाळू-गाळाच्या नदीकाठी तोच एक मीटर कितीतरी पट जास्त पाणी देतो. शेजारच्या जिल्ह्याचा अनुभव आपल्या गावाला जसाच्या तसा लावू नये, तो यासाठी.

६. यंदा पाऊस भरपूर झाला. आता घाई कशाला?

घाई यंदाच करायची. टंचाईच्या वर्षी वाटायला काही नसतं, म्हणून त्या सभेत फक्त भांडणं होतात. भरल्या विहिरीवर नियम करणं सोपं असतं, कारण कोणाचं उभं पीक त्यात जळत नाही. चेन्नईत २०१५ साली महापूर आला. २०१९ च्या उन्हाळ्यात त्याच शहराचे मुख्य जलाशय जवळपास कोरडे पडले. चार वर्षांत एकाच शहराने दोन्ही टोकं पाहिली.

हिवरे बाजारमध्ये दर वर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिकांचा बेत ठरतो. चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा. हे ‘सुद्धा’च महत्त्वाचं आहे.

७. जमीन माझी, विहीर माझी. पाण्यावर समितीचं बंधन का मानू?

विहीर तुमची, पाणी शेजाऱ्याच्या रानाखालून आलेलं. खडकाचा एकच थर अनेकांच्या विहिरींना पाणी देत असतो आणि त्याला बांध माहीत नसतात. बंधन नसलं की जो खोल जाईल आणि मोठा पंप लावेल त्याचं पाणी; मग दुसरा आणखी खोल जातो. या शर्यतीत शेवटी सगळ्यांचंच कर्ज वाढतं, पाणी वाढत नाही. जिथे कायद्याने नियमन आहे तिथे त्याचा आधार घ्या. नसेल तिथे खोलीची आणि दोन बोअरमधल्या अंतराची मर्यादा ठरावाने घाला. सगळ्यांना एकच नियम हवा, आणि तो कारभाऱ्यांच्या विहिरीपासून लागू व्हायला हवा. इथे सूट दिली की पुढचं काही चालत नाही.

८. पिकांवर मर्यादा आणली तर लोक पुढच्या निवडणुकीत घरी बसवतील. मग?

प्रामाणिक प्रश्न आहे, आणि भीती खोटी नाही. वरून लादलेली मर्यादा लोक खरंच उधळून लावतात. पण लोकांनी स्वतः घातलेल्या मर्यादा टिकल्याची उदाहरणं आहेत.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शेरिडन काउंटीच्या एका भागातल्या शेतकऱ्यांनी २०१३ पासून पाच वर्षांसाठी उपसा सुमारे २० टक्के कमी करायचं ठरवलं. त्यांनी दर वर्षाचा कोटा बांधला नाही. पाच वर्षांचं मिळून, रानावर ५५ इंच उभं राहील एवढं पाणी दिलं. कोरड्या साली जास्त घ्या, ओल्या साली कमी, तुमचं तुम्ही बघा. उपसा ठरवल्यापेक्षाही जास्त घटला आणि नफा त्या मानाने घटला नाही, कारण बियाणं, खत आणि पंपाचा खर्चही उतरला.

दुसरं उदाहरण पुरंदर तालुक्यातल्या नायगावचं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या आकारावर न देता घरातल्या माणसांवर दिलं: माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा होता आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही अशी अट होती. वाटप न्यायाचं दिसलं की मर्यादा पचते. न्याय बाजूला ठेवून नुसत्या ‘पाणी वाचवा’च्या पाट्या लावल्या, तर मतं जातीलच.

९. सगळ्यांनी ठिबक बसवलं की प्रश्न मिटला ना?

आपोआप नाही. ठिबकने त्याच एकराला कमी पाणी सोडावं लागतं हे खरं. पण उरलेल्या पाण्यात शेतकरी आणखी दोन एकर भिजवतो किंवा जास्त पाण्याचं पीक घेतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर तेच केलं असतं. शिवाय पाटाने दिलेल्या पाण्यातलं काही झिरपून शेजारच्या विहिरीला लागत होतं. ते झिरपणं थांबतं. म्हणजे शेतात बचत दिसते आणि गावाच्या साठ्यात खड्डा पडतो. ठिबक जरूर आणा, पण क्षेत्राची मर्यादा (प्रश्न ८) आधी ठरवा.

१०. शेततळी जितकी जास्त तितकं चांगलं, बरोबर?

तळं कशाने भरतं, यावर आहे. पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलं तर चांगलं. पण प्लॅस्टिक कागद घातलेलं तळं बोअरच्या पाण्याने भरलं जात असेल, तर जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर उन्हात आणून एकाच्या नावावर केल्यासारखं होतं. त्यातलं बरंच उन्हाने उडून जातं. कागदामुळे ते परत जिरतही नाही. समितीने शिफारस करताना एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुरे.

११. आमची शहरातली सोसायटी आहे. शेती नाही, विहीर नाही, फक्त टँकरचं बिल आहे.

आधी गळती शोधा. रात्री दोन ते चार या वेळात, टाक्या भरून झाल्यावर, मुख्य मीटर वाचा. सगळे झोपलेले असताना मीटर फिरत असेल, तर पाणी कुठेतरी जातंय: बिघडलेला बॉल कॉक, वाहता फ्लश, जमिनीखालची फुटकी लाइन. प्रत्येक विंगला वेगळा मीटर बसवला की चोर विंग सापडते. प्रत्येक फ्लॅटला बसवला की लोक स्वतःच नळ दुरुस्त करतात.

मोठ्या पातळीवरही हेच चालतं. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह इथे १९९३ साली पुरवठ्यातलं सुमारे ७२ टक्के पाणी गळती, चोरी आणि बिलच न लागलेल्या वापरात जात होतं. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख ‘एक सोन चान’ यांच्या कारभारात ते प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आलं. मीटर बसवले, रात्रंदिवस गळती पथकं ठेवली आणि बिल न भरणाऱ्या बड्या लोकांची जोडणीही तोडली. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. टँकर वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, फक्त त्याचं उद्घाटन करता येत नाही.

१२. पाणीपट्टी वाढवावी का? गरिबांवर अन्याय नाही का होणार?

पाणी फुकट ठेवल्याने गरिबांचं भलं होतंच असं नाही. पैसे नसलेली योजना बंद पडते आणि मग टँकरचं पाणी सगळ्यात महाग दराने गरीबच घेतो. पण एकदम वाढवाल तर बोलिव्हियातल्या कोचाबांबाची आठवण ठेवा. २००० साली खासगीकरणानंतरच्या दरवाढीने शहर पेटलं आणि करार रद्द करावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१० मध्ये पाणी हा मानवी हक्क मानला आहे. म्हणून जगण्यापुरतं पाणी नाममात्र दरात आणि त्यापुढे चढते दर, ही रचना बरी. एका नळावर दोन-तीन कुटुंबं असतील, तर मात्र चढत्या दराचा फटका उलट गरिबालाच बसतो. अशा जोडण्यांना माणशी हिशोब लावा.

१३. वापरलेलं पाणी पुन्हा वापरायचं म्हटलं की लोक नाक मुरडतात. काय करावं?

प्यायला देण्यापासून सुरुवात करूच नका. फ्लश, बाग, बांधकाम, गाड्या धुणं यांना पिण्याचं पाणी वापरणं हीच खरी उधळपट्टी आहे. नामिबियातलं विंडहुक शहर १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतं आणि सिंगापूरने २००३ पासून असं पाणी मुख्यतः उद्योगांकडे वळवलं. तंत्र आहे, पण रोजच्या तपासणीची शिस्त नसेल तर हात घालू नये. बंद पडलेला शुद्धीकरण प्रकल्प नसलेल्यापेक्षा वाईट, कारण तो आहे असं धरून लोक निर्धास्त राहतात.

१४. आमचं पाणी नितळ आणि गोड आहे. तपासणी कशाला?

फ्लोराइड, आर्सेनिक आणि नायट्रेट यांना ना रंग, ना वास. बांगलादेशात जुलाबांपासून सुटका म्हणून तळ्यांऐवजी लाखो हातपंप बसवले गेले. १९९३ मध्ये त्यांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचं उघड झालं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने २०१४ साली खर्च वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला, पण नळ गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली नाही. जुन्या नळांतलं शिसं घराघरात गेलं. स्रोत बदलला, बोअर खोल नेला किंवा पूर येऊन गेला, की तपासणी पुन्हा करा. आधीचा दाखला चालत नाही.

१५. गच्चीचं पाणी सरळ बोअरमध्ये सोडलं तर चालेल?

सरळ नको. पहिल्या सरींचं पाणी बाहेर जाऊ द्या, मग गाळणीतून सोडा. रस्त्याचं, पार्किंगचं किंवा औषध मारलेल्या रानाचं पाणी बोअरमध्ये कधीही नाही. झिरपताना माती जे गाळते ते तिथे गाळलं जात नाही आणि एकदा बिघडलेलं भूजल वर्षानुवर्षं सुधारत नाही. आणखी एक अपवाद: जमीन आधीच पाणथळ किंवा क्षारपड असेल, तर जिरवण्याऐवजी निचरा लागतो. गच्चीवरून किती मिळेल ते प्रश्न ४ मधल्या आकड्याने काढा. १०० चौरस मीटर गच्ची आणि ६०० मिलिमीटर पाऊस, पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी ४८ हजार लिटर.

१६. दुष्काळ दारात उभा आहे. ताळेबंद वगैरे नंतर. आत्ता काय करू?

क्रम जाहीर करा: माणसं, जनावरं, मग बहुवर्षी झाडं, मग उरलेली पिकं. पिण्याच्या स्रोताभोवतीचा शेतीचा उपसा थांबवा आणि ज्याचा थांबवाल त्याला भरपाई काय, तेही त्याच सभेत ठरवा. आणि आकडे उघडे ठेवा. केप टाउनने २०१८ च्या फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली, धरणांतला साठा सतत जाहीर केला आणि कोणती घरं मर्यादेत आहेत हे नकाशावर दाखवलं. नळ बंद होण्याचा दिवस पुढे-पुढे जात राहिला, मग पाऊस आला. अफवांना जागा उरली नाही, हेही तितकंच उपयोगी पडलं.

१७. आम्ही सगळं केलं, पण वरच्या गावाने ओढ्यावर बंधाऱ्यांची माळ लावली तर?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि त्याला पूर्ण उत्तर एका गावाकडे नसतं. एकाच ओढ्यावर बंधारे वाढत गेले की नवं पाणी तयार होत नाही. खालच्याचं वरच्याकडे अडतं. म्हणून ताळेबंद पाणलोटाचा हवा. ओढ्यावरच्या सगळ्या गावांची एक समिती करा, प्रश्न ५ मधली विहिरींची मोजणी सगळ्यांनी एकाच दिवशी करा आणि पहिले दोन-तीन पूर खाली जाऊ द्यायचे, मग दारं किंवा फळ्या टाकायच्या, असा लेखी ठराव घ्या. वरचं गाव तयार नसेल तर तुमच्या मोजणीच्या नोंदी जपून ठेवा. वर तक्रार करायची वेळ आली, तर तारीखवार आकडे असलेल्या गावाचं म्हणणं आधी ऐकलं जातं. आणि तुमच्याही खाली एक गाव आहे. त्याने हाच प्रश्न तुमच्याविषयी विचारायच्या आत त्याला समितीत घ्या.